केरूबाबांनी न काढलेलं चित्र

वेदिकाने एकशे बारावं पान उलटलं आणि त्याच्या कोपऱ्यावर दगड ठेवला. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून केरूबाबांच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी, अंगणातले चार गोटे धुऊन, पदराला पुसून आणून दिले होते. ताईंच्या कागदांवर मातीने भरलेला दगड ठेवायचा, हे त्यांना पटलं नव्हतं.

ती एकच चित्र शोधत होती. मोठा गोल आणि त्याला चिकटलेला लहान गोल. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतची सगळी पानं झाली, एकदा सरळ आणि एकदा शेवटाकडून. ते चित्र कुठेही नव्हतं.

चित्रं ठरवली होती तिनेच. हरसूलच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या या पाड्यावर केरूबाबांचा जन्म गेला होता. गुरं राखता राखता त्यांनी वानरांच्या तीन पिढ्या पाहिल्या होत्या आणि त्यांच्याइतकी त्या कळपाची माहिती कुणालाच नव्हती. पण लिहिणं म्हणजे सहीपुरतं. मग वेदिकाने अक्षरांना फाटा दिला. कागदावर नऊ उभे रकाने आखले, कळपातल्या नऊ माद्यांचे. दर अर्ध्या तासाला एकेकीकडे बघायचं आणि ती काय करतेय त्याचं चित्र तिच्या चौकटीत काढायचं. पान म्हणजे खातेय. मिटलेला डोळा म्हणजे झोपलीय. कंगवा म्हणजे दुसरीच्या उवा काढतेय. झाड म्हणजे फांद्यांआड गेली, दिसत नाही. आणि मोठ्या गोलाला चिकटलेला लहान गोल म्हणजे पिलाला अंगावर पाजतेय.

हे शेवटचं चित्र सगळ्यात महत्त्वाचं. वानरांचं पिलू एकट्या आईचं नसतं. जन्मल्या दिवसापासून ते मावश्या-आत्यांच्या हातांतून फिरत राहतं. दिवसातला किती वेळ आईकडे आणि किती वेळ इतरांकडे, हा वेदिकाचा प्रबंध होता. तिचे मार्गदर्शक प्रफुल्ल सर पुण्यात बसून वीस वर्षं एकाच प्रश्नाशी भांडत होते, की उत्तरेचे वानर आणि सह्याद्रीतले वानर ही जात एकच की वेगळी. शेपटीचा बाक, अंगाचा रंग हे सगळं मोजून झालं होतं. आता पिलं सांभाळण्याच्या रीतीत काही फरक सापडतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांना वेदिकाचे आकडे हवे होते.

आणि ऐन मोक्याला, ऑगस्टमध्ये, वेदिकाला डॉक्टरांनी डोंगर चढायची मनाई केली. सातवा महिना होता. ती नाशिकला घरी बसली, ऑक्टोबरात मुलगी झाली, आणि ते पाच महिने केरूबाबा एकटे कळपामागे फिरले. आता मुलगी साडेतीन महिन्यांची होती. आज पहाटे योगेशने, तिच्या नवऱ्याने, मायलेकींना गाडीने पाड्यावर सोडलं आणि तो नाशिकला परत गेला.

पाच महिन्यांचे आकडे बघून काल संध्याकाळी सरांचा फोन आला होता.

"वेदिका, पाच महिन्यांत एकही पिलू आईला प्यायलेलं नाही? काय, वारा पिऊन वाढली ती?"

मग सरांनी आवाज खाली आणला होता.

"तुझे केरूबाबा डोंगरावर जात होते ना गं? पावसाळ्याचे दिवस. घरी बसून पान आणि डोळा काढायला काय लागतं? मी दोष देत नाही. पण सोमवारपर्यंत ठरव. नाहीतर ही पानं बाजूला ठेवू आणि नव्याने सुरू करू."

नव्याने म्हणजे आणखी एक वर्ष. तेही तिने कसंबसं गिळलं असतं. पण 'तुमची पानं नकोत' हे केरूबाबांना सांगायचं कोणत्या तोंडाने? तिने करून दिलेलं ओळखपत्र ते रोज गळ्यात घालत. त्यावर 'निरीक्षक' असं छापलं होतं. पाड्यावर लोक त्यांना 'वानरांचा तलाठी' म्हणून चिडवत आणि त्यांना ते मनातून आवडत असे. वेदिकाला सरांचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा, कारण सरांनी म्हणण्याआधीच ती शंका तिच्या मनात येऊन गेली होती.

"च्या घ्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर वेदिकाची मुलगी डोळे टक्क उघडे ठेवून छपराकडे बघत होती. "सापडलं का काय हुडकताय ते?"

"बघतेय अजून."

"सापडंल. ह्यांनी कागूद एक नाय हरवला. पावसात इरलं कागदावर धरायचे आन् आपण भिजायचे."

वेदिकाने चहाचा घोट घेतला. चहा गोड होता, आणि तिला तो उगाचच कडू लागला.

तेवढ्यात केरूबाबा वरून उतरून आले. अंगात स्वेटर, डोक्याला टॉवेल, गळ्यात ओळखपत्र.

"चला ताई. उंबरावर आलेत सगळे. धाकलीनं सकाळीच पोर करवलीकडं दिलंय आन् सोता खात बसलीय."

वेदिकाच्या कागदावर माद्यांना एक ते नऊ आकडे होते. केरूबाबांच्या तोंडी त्या थोरली, धाकली, लंगडी, कानफाटी, करवली अशा होत्या. तिला आकडा विचारला की ते आधी मनात नाव घेत आणि मग आकडा सांगत. त्यांची स्वतःची एक वर्गवारीही होती. माकड म्हणजे लालतोंड्या, यात्रेकरूंच्या पिशव्या ओढणारा. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, घरंदाज. शास्त्राच्या हिशेबाने दोघं एकाच कुळातले, हे वेदिकाने पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असंल. भावकीत एखादं वाया गेल्यालं असतंच."

मुलगी बरोबर घ्यावी लागली. ती पाजल्याशिवाय तीन तासांवर थांबणारी नव्हती. चंद्रभागाबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी पाठीला बांधली, मुलीला तीत टाकलं, आणि डोंगर असा चढल्या की वेदिकालाच मागे पडायला झालं.

उंबराच्या समोर, ओढ्याच्या अलीकडे एक सपाट कातळ होता. तिथून झाड हातावर ठेवल्यासारखं दिसे. जानेवारीचं ऊन नुकतंच फांद्यांवर पोचलं होतं आणि वानरं त्या उन्हाकडे पाठ करून अंग शेकत बसली होती. वेदिकाने दोन कोरी पानं काढली.

"आज मीही भरते. तुम्हीही भरा. एकमेकांचं बघायचं नाही."

"परीक्षेवानी?"

"परीक्षेवानी."

केरूबाबा हसले. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले होते, पण परीक्षेची रीत त्यांच्या ध्यानात होती. त्यांनी कागदावर आडवा हात धरला आणि तिच्याकडे अर्धी पाठ करून बसले. वेदिकाला त्यांच्याकडे बघवेना. ज्याची परीक्षा घेतोय त्याला ती खेळ वाटावी, यासारखं वाईट काही नसतं.

आठ वाजता पहिली फेरी झाली, मग साडेआठची. माणसाला सगळं विसरायला लावील असं ते दृश्य होतं. करवली दुसरीचं पिलू उलटं धरून मिरवत होती. पिलू किंचाळत होतं आणि आई तीन फांद्या पलीकडे निवांत उंबरं खात होती. मग तिला दया आली असावी. तिने येऊन पिलू ओढून घेतलं आणि ते छातीशी चिकटलं. वेदिकाने मोठा गोल काढला, त्याला लहान गोल चिकटवला. पाच महिन्यांनी हात त्या चित्रावरून फिरला आणि तिला फार बरं वाटलं.

तिने सहज बाजूला पाहिलं. केरूबाबा उभे राहिले होते. डोक्याचा टॉवेल त्यांनी कपाळावर पुढे ओढला होता आणि तोंड खोऱ्याकडे केलं होतं. एकदा हलकेच खाकरले. मग थोड्या वेळाने वळून खाली बसले आणि पुढच्या मादीकडे बघू लागले.

नऊला पुन्हा तसंच झालं, साडेनऊला दोनदा, दहाला तीनदा. हे तिने पूर्वीही पाहिलं होतं. तेव्हा वाटायचं, कंबर आखडत असेल किंवा ऊन डोळ्यांवर येत असेल. आज मात्र तिचं पेन थांबलं. ती शेजारी बसलेली असताना यांचं लक्ष खोऱ्यात असतं. मग एकटे असताना काय होत असेल? सर म्हणाले ते खरंच असावं. सोमवारी काय बोलायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली आणि एकही वाक्य पुरं होईना.

दहाच्या फेरीनंतर झोळीतून रडणं ऐकू आलं.

"भूक लागली गं बायला," म्हणत चंद्रभागाबाईंनी मुलीला काढून तिच्या हातात दिलं. वेदिका कातळावरून उठली, चार पावलांवरच्या मोहाच्या बुंध्याला टेकून बसली आणि ओढणी सारखी करून तिने मुलीला जवळ घेतलं. रडणं तुटल्यासारखं थांबलं.

तिने मान वर केली. केरूबाबा उभे राहिले होते. टॉवेल कपाळावर पुढे ओढलेला. तोंड खोऱ्याकडे. एकदा हलकेच खाकरले.

वेदिका त्या पाठीकडे बघत राहिली. खोऱ्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. भात निघून गेलेली खाचरं आणि एक रिकामी वाट. माणूस मात्र तिथे मोठं काम असल्यासारखा उभा होता.

"चंद्रभागाबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांचा कागद द्या बरं मला. आणि माझाही."

दोन्ही कागद तिने मांडीशेजारी लावून धरले. तिच्या पानावर सकाळपासून सात ठिकाणी तो जोडगोल होता. ती एकेक चौकट बोटाने शोधत केरूबाबांच्या पानावर गेली. पहिली चौकट कोरी होती, दुसरीही. साती चौकटी कोऱ्या होत्या. आणि त्या सात सोडल्या तर अख्ख्या पानावर कोरी चौकट नव्हती. जी दिसत नव्हती तिच्या चौकटीत इमानदारीने झाड काढलेलं होतं.

गेले पाच महिने ही कोरी घरं पानापानांवर होती. तिने ती 'नोंद राहिली' म्हणून सोडून दिली होती. सरांनीही दिली होती. झाड आणि कोरी चौकट, दोन्ही त्यांनी एकाच खात्यात टाकली होती.

मुलीचं पोट भरलं. वेदिकाने ओढणी नीट केली आणि हाक मारली.

"बाबा, बसा इकडे. एक विचारू?"

ते वळले, कातळाच्या कडेला टेकले.

"ही घरं कोरी का ठेवता?"

केरूबाबांनी कागदाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"त्ये... र्‍हायलं आसंल."

"राहिलं नाही. सात घरं कोरी आहेत. बरोबर सात."

शेवटी चंद्रभागाबाईच म्हणाल्या, "सांगा की. त्यात लाजायचं काय? ताई, हे बघतच नाय तवा. म्यां दोनदा इचारलं, तर माझ्यावरच खेकसले."

"लेकुरवाळी पोराला घेऊन बसली," केरूबाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "का बाप्या माणसानं तिकडं बघू नाय. आमच्या आईनं शिकवलं ते. घरात, शेतावं, बाजारात, कुटंबी. तोंड फिरवायचं. आन् जरा खाकरायचं, म्हंजे तिला कळतं का आपुन बघत नाय."

"पण बाबा, ती वानर आहे."

"व्हय ना," ते म्हणाले. "पण बाई हाय ना ताई ती."

वेदिकाला हसू आलं. तिने मुलीला खांद्यावर टाकलं आणि तिची पाठ थोपटत राहिली.

"मंग जे डोळ्यानं बघितलं नाय त्याचं चित्र कसं काढायचं? ते खोटं व्हईल. तुमीच सांगितलं व्हतं, दिसंल तेच काढा." ते थांबले. "चुकलं का माझं?"

"खाली चला," वेदिका म्हणाली. "मला सगळी पानं पुन्हा बघायचीत."

ओट्यावर परत चार गोटे आले. या वेळी ती चित्रं बघत नव्हती, कोऱ्या चौकटी बघत होती. नऊ माद्यांपैकी पाच लेकुरवाळ्या होत्या. कोरी घरं त्या पाच रकान्यांतच होती. करवलीच्या, लंगडीच्या आणि बाकी दोघींच्या रकान्यात पाच महिन्यांत एकही कोरं घर नव्हतं. ऑगस्टच्या धो धो पावसातल्या पानावर शाई फुटली होती, पान आणि कंगवा एकमेकांत मिसळले होते, पण थोरलीच्या रकान्यात पाच स्वच्छ कोरी घरं होती. डिसेंबरात पिलं पाला खायला लागली तशी कोरी घरं कमी झाली होती. पिलं वाढतात तेव्हा तेच व्हायला हवं. घरी बसून कुणी हे कसं रचलं असतं?

पाच महिन्यांत सुटलेलं असं काहीच नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती चंद्रभागाबाईंना काय बोलली तेही तिला नंतर आठवेना. त्या मात्र नुसत्या हसल्या आणि मुलीला तेल लावायला घेऊन गेल्या.

पाड्यावर रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर येते. वेदिका तिथे जाऊन उभी राहिली. केरूबाबा चार पावलं मागे थांबले, हातातली काठी जमिनीवर टेकवून. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं आणि ते ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा हसले, मग गंभीर झाले.

"म्हणजे कोरी चौकट म्हणजे पाजणं?"

"हो सर. आज सातपैकी सात जुळल्या. पुढचा महिनाभर मी रोज शेजारी बसून ताडून बघते."

"ते करावंच लागेल. पण पद्धतीच्या प्रकरणात लिहिणार काय तू? निरीक्षकाने पाहिलं नाही, असं?"

"तसंच लिहीन."

"अगं, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. पाहिलं नाही, तर त्याला कळलं कसं?"

"सर, कळलं म्हणूनच पाहिलं नाही."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग हे त्यांच्या नावाने जायला हवं," सर म्हणाले. "नुसतं क्षेत्रसहायक नको. पूर्ण नाव दे मला त्यांचं."

वेदिका वळली.

"बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. पुण्याला लिहून घेतायत. पुस्तकात छापायला."

केरूबाबांनी काठी डाव्या हातात घेतली. स्वेटरची वरची गुंडी लावली.

"केरू काळू भोये," ते म्हणाले. फोन तिच्या हातात होता तरी ते त्या फोनकडे बघूनच बोलले. "पानं ठेवणार हायत ना ते?"

"सगळी ठेवणार आहेत."

त्यांनी मान हलवली. मग एक पाऊल पुढे आले.

"त्यांला येक सांगा ताई. पाठ फिरवली म्यां. पण जागा नाय सोडली."

सर "हॅलो, हॅलो" करत होते. तिने फोन कानाला लावला आणि केरूबाबा म्हणाले तेच शब्द, तसेच्या तसे, सरांना सांगितले.